दिव्यांचा फोटो, दिव्यांच्याच उजेडात

दिवाळीच्या आधीची साफसफाई ही मोठी फसवी गोष्ट आहे. टाकून देण्यासारखे काय काय आहे ते पाहावे, म्हणून आपण कपाट उघडतो, आणि तासाभराने घरची माणसे येऊन पाहतात, तो आपण जमिनीवर बैठक मारून जुनी पत्रे वाचीत बसलेलो असतो. यंदा आमच्या कपाटातून पत्रे निघाली नाहीत. एक कॅमेरा निघाला. साबणाच्या वडीहून थोडा मोठा, चंदेरी, मनगटात अडकवायची काळी दोरी असलेला. २००७ साली धाकट्या भावाने बोनसाच्या पैशांतून घेतलेला हा डिजिटल कॅमेरा, घरात चांगले मोबाईल आल्यापासून कुणाच्या तरी कानटोपीत गुंडाळून पडला होता.

“हा भंगारात द्यायचा ना?” असे मी विचारतो न विचारतो, तोच पुतणी ओरडली, “काका, देऊ नका कुणाला! मला हवा आहे.”

मला वाटले, पोरगी थट्टा करते आहे. तिच्या हातातल्या मोबाईलच्या किमतीत असले पाच कॅमेरे आले असते. पण तिचे म्हणणे असे, की कॉलेजातली मुले हल्ली असले जुने कॅमेरे शोधीत फिरतात. मोबाईलचे फोटो सगळ्यांचे सारखेच दिसतात, याचे तसे नाही. काळाचा महिमा पाहा! जपानी कॅमेरा-कारखानदारांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे, भिंग न बदलता येणारे असले कॅमेरे २०१० साली दहा कोटींहून अधिक बाहेर पडले होते. २०२३ साली ती संख्या वीस लाखांच्याही खाली आली. आणि धंदा असा पार बसल्यावर आता गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे!

दोन नवे पेन्सिल सेल आणून घातले. घुर्र असा आवाज करून भिंग बाहेर आले, पाठीमागचा पडदा उजळला, आणि त्या कुंभकर्णाने जागे होताच पहिला प्रश्न विचारला : आज तारीख काय?

आम्ही तारखेकडे लक्ष दिले नाही. कारण आत कार्ड तसेच होते, आणि कार्डात फोटो होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचे चाळीस-बेचाळीस फोटो, आणि त्यांतल्या निम्म्यांत आमची आक्का.

आक्का ही माझी थोरली बहीण. शाळेत मास्तरीण होती. आई लवकर गेल्यावर आम्हां दोघा भावांना तिनेच वाढवले, आणि त्या नादात स्वतःचे लग्न करावयाचे राहून गेले. २००९ च्या उन्हाळ्यात ती गेली. तिचे फोटो पाहावयास मिळाले म्हणून आम्ही सगळे त्या इवल्याशा पडद्याभोवती गोळा झालो खरे. पण पाहता पाहता माझे मन खट्टू होऊ लागले. प्रत्येक फोटोत आक्काचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा, डोळे दिपलेले, पाठीमागे काळाकुट्ट अंधार. समोर वीस-पंचवीस पणत्या असतील. पण त्या लागल्या आहेत की विझल्या आहेत, हेही कळू नये. पोलिसाने बॅटरी मारून पकडलेल्या माणसासारखी दिसत होती बिचारी.

मग एक फोटो आला, आणि सगळ्यांचे बोलणे थांबले. फोटो जरा हललेला होता, चौकटही तिरपी होती. पण त्यात आक्का ओणवी होऊन पणतीला पणती लावते आहे, आणि खालून येणारा तो पिवळा उजेड तिच्या हनुवटीवर, नथीवर, चष्म्याच्या काचेवर पडला आहे. आक्का दिसत होती तशीच्या तशी.

“हा कुणी काढला?” भावाने विचारले. तो त्याने काढलेला नव्हता. अखेर तर्काने शोध लागला. कॅमेरा थोडा वेळ पुतणीच्या हातात गेला होता. ती तेव्हा पाच वर्षांची; दिसेल ते बटन दाबून पाहण्याच्या वयाची. त्यात तिने विजेच्या चिन्हाचे बटन दाबले असावे आणि फ्लॅश बंद झाला असावा. घरातल्या शहाण्यांनी काढलेले चाळीस फोटो वाया गेले, आणि पोरीच्या खेळातून एक साधला!

आता प्रश्न आला, ही दिवाळी कोणती? कॅमेऱ्याला विचारावे, तर तो प्रत्येक फोटोवर १ जानेवारी सांगतो. आम्ही सगळे एकमताने म्हणालो, २००७. कारण २००८ च्या दिवाळीला आक्का अंथरुणाला खिळली होती. त्या दिवशी मी कामावरून उशिरा आलो, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, हे मला पक्के आठवत होते. शेवटच्या दिवाळीला आक्काने पणती लावली नाही, ही रुखरुख इतकी वर्षे मी बाळगून होतो.

पुतणीने मात्र फ्लॅशचा एक फोटो मोठा करून पाहावयास घेतला. कॅमेऱ्यात फोटो पाहताना झूमचीच तरफ फिरवली, की चित्र दहापट मोठे होते. “काका, मागच्या भिंतीवर कालनिर्णय आहे,” ती म्हणाली. “ऑक्टोबर लिहिले आहे.” २००७ सालचे लक्ष्मीपूजन होते ९ नोव्हेंबरला, २००८ चे २८ ऑक्टोबरला. भाऊ म्हणाला, “पान उलटायचे राहिले असेल.” पण पानावर १ तारीख बुधवारच्या ओळीत होती, आणि १ ऑक्टोबरला बुधवार होता तो २००८ सालीच. फ्लॅशचाही असा एक उपकार म्हणावयाचा.

तेव्हा कुठे आमच्या हिला आठवले. “उठल्या होत्या हो त्या. अर्ध्या तासापुरत्या. या पोरीनेच हट्ट धरला होता, आत्या तू लाव म्हणून. मग दमून निजल्या. तुम्ही आलात त्यानंतर.”

कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पुतणीने कॅमेरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “आता मला हा नीट शिकवा. सगळी बटने.”

तिला जे शिकवले, तेच आज वाचकांना सांगतो. तुमच्याही कपाटात असा एखादा कुंभकर्ण निजलेला असेल. आणि नसला, तरी यातले पुष्कळसे मोबाईललाही लागू आहे.

पहिली गोष्ट तारखेची. सेल काढून ठेवले, की काही दिवसांत आतले घड्याळ पुसले जाते. नवे सेल घातल्यावर कॅमेरा तारीख विचारतो, आणि आपण घाईघाईने पुढचे बटन दाबतो. तसे करू नका. तारीख, साल, वेळ नीट भरा. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापलीच पाहिजे असे नाही. ती प्रत्येक फोटोबरोबर आतल्या आत नोंदली जाते. पण भरली असेल तरच! त्या एका मिनिटाच्या आळसापायी आमच्या घरी सतरा वर्षे एक खोटी आठवण नांदत होती.

आता कॅमेऱ्याच्या पोटात काय असते ते पाहू. पूर्वीच्या कॅमेऱ्यात फिल्म असे. यात एक चकचकीत चकती असते, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. तर या चकतीचे माप सुमारे ६ बाय साडेचार मिलिमीटर. फिल्मच्या जेमतेम तिसाव्या-पस्तिसाव्या हिश्शाइतकी जागा. त्या जागेत ऐंशी लाख, कोटभर ठिपके बसवलेले असतात. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. प्रत्येक ठिपका आपल्यावर पडलेला उजेड मोजतो, पण रंग त्याला एकच दिसतो : निम्मे ठिपके हिरवा पाहतात, पाव तांबडा, पाव निळा. बाकीचे रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. ही युक्ती कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची, १९७६ च्या पेटंटातली. त्याच कंपनीत त्याआधी एक वर्ष स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियराने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक, ठिपके दहा हजार, आणि एक फोटो कॅसेटवर उतरावयास तेवीस सेकंद!

जागा लहान, म्हणून उजेड थोडा; आणि उजेड थोडा, म्हणून रात्रीची अडचण. या कॅमेऱ्याची सारी कुरकुर येथून सुरू होते. वरची चकती ‘ऑटो’वर असली, की अंधार दिसताच तो घाबरतो आणि फ्लॅश उडवतो. त्याला दिवाळी ठाऊक नसते. अंधार म्हणजे दोष आणि तो घालवावयाचा, एवढेच त्याला शिकवलेले. म्हणून दिवेलागणीला चकती ‘ऑटो’वरून ‘पी’वर आणा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याखेरीज पुढची बटने तुमचे ऐकतच नाहीत. मग विजेच्या चिन्हाचे बटन दाबून फ्लॅश बंद करा. नाही तरी त्या चिमुकल्या फ्लॅशचा उजेड तीन-साडेतीन मीटरच्या पलीकडे पोचत नाही. गॅलरीतून आकाशातल्या बाणावर फ्लॅश मारणारे गृहस्थ आपण पाहतोच. त्यांच्या फोटोत शेजाऱ्यांची वाळत घातलेली टॉवेले तेवढी छान येतात.

याउलट, फ्लॅशचे खरे काम दिवसा आहे. नरकचतुर्दशीच्या सकाळी नवे कपडे घालून मूल खिडकीपुढे उभे आहे आणि पाठीमागे लख्ख ऊन आहे. अशा वेळी चेहरा काळा पडतो. तेथे फ्लॅश मुद्दाम लावा. दिवसा लावा आणि रात्री बंद करा, हे ऐकावयास उलटे वाटते. पण करून पाहा.

फ्लॅश बंद केला, की कॅमेऱ्याला उजेड गोळा करण्यास वेळ लागतो. त्या वेळात हात हलला, तर फोटो हलला. येथे अर्ध्या दाबाची सवय हवी. बटन एकदम खाली दाबू नका. अर्धे दाबा, थांबा. कॅमेरा टिक् असा आवाज करील, हिरवी चौकट दाखवील, आणि पडद्यावर एक आकडा येईल. १/६० असेल तर निर्धास्त राहा. १/३० पर्यंत सांभाळून. १/८ दिसला तर कोपर अंगाशी घट्ट धरा, दाराच्या चौकटीला टेका, आणि श्वास रोखून उरलेले अर्धे बटन हलकेच दाबा. काही कॅमेऱ्यांत हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय असते. ती चालू ठेवावी. पण ती आपला हात सांभाळते, समोर पळणारे मूल नव्हे!

वेळ कमी करण्याचा दुसरा उपाय म्हणजे ‘आयएसओ’. हा आकडा दुप्पट केला, की निम्म्या वेळात काम भागते. ८० वर सेकंदाचा अर्धा भाग लागत असेल, तर १६० वर पाव. मग १६०० वरच का ठेवू नये? कारण चकती इवलीशी. आकडा चढवला, की चित्र रव्याच्या लाडवासारखे रवाळ होते. ४०० पर्यंत घरगुती कामास हरकत नाही. ८०० नाइलाज म्हणून. तरीही, हललेल्या फोटोपेक्षा रवाळ फोटो बरा, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा उपाय सगळ्यांत सोपा : झूम करू नका, दोन पावले पुढे जा. भिंग लांबवले, की पुष्कळ कॅमेऱ्यांत आत येणारा उजेड चौथ्या हिश्शावर येतो, आणि हाताचे हलणेही मोठे होऊन दिसते. त्यातही ‘डिजिटल झूम’ म्हणून जी चीज असते, ती मेन्यूत जाऊन कायमची बंदच करा. तो झूम नव्हेच. मधला तुकडा कापून फुगवावयाचा, एवढाच तो उद्योग. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात दुप्पट डिजिटल झूम केला, की हाती तीनच राहतात. कापण्याचे काम घरी निवांतपणे कात्रीनेही होते.

आता ‘+/−’ अशी खूण असलेले बटन. हे फार थोडे लोक वापरतात, आणि दिवाळीला याच्याइतके उपयोगाचे दुसरे नाही. कॅमेऱ्याची एक समजूत आहे, की समोरचा देखावा सरासरीने नेहमी करड्या रंगाचा असतो. त्यामुळे काळोखातल्या पणत्या दाखवल्या, तर तो काळोखाला करडा करू पाहतो, आणि ज्योती पांढऱ्या डागांसारख्या होतात. तेव्हा काटा उणेकडे सरकवा. उणे दोन-तृतीयांश किंवा उणे एक. ज्योतीला पुन्हा ज्योतीचा आकार येतो. उलट, पांढऱ्या शुभ्र धोतरातले आजोबा पांढऱ्या भिंतीपुढे बसले असतील, तर तो त्यांना मळकट करील. तेथे काटा अधिककडे न्या.

तशीच गोष्ट रंगाची. पणतीचा उजेड मुळातच तांबूस-पिवळा. कॅमेऱ्यातली ‘व्हाइट बॅलन्स’ नावाची व्यवस्था पांढऱ्याला पांढरे दाखवण्यासाठी झटत असते, आणि त्या भरात पणतीचे सोने धुऊन टाकते. सूर्याचे चित्र असलेली खूण निवडा. कॅमेऱ्याला वाटेल, दुपार आहे. तो रंगाला हात लावणार नाही, आणि सोने तुमच्याकडे राहील.

फराळाचे ताट किंवा रांगोळीचा कोपरा जवळून हवा असेल, तर फुलाची खूण असलेले बटन दाबा. त्यावर भिंग काही सेंटिमीटरांवरचेही स्पष्ट पाहते. मात्र झूम अजिबात करावयाचा नाही. चकलीचा काटा न् काटा येतो! मागे आकाशकंदील आणि पुढे माणूस, असे दोन्ही हवे असेल, तर माणूस आणि चांदणी अशी खूण निवडा. फ्लॅश चेहऱ्यासाठी उडतो, आणि त्याबरोबरच कंदिलाचा उजेड टिपण्यासाठी कॅमेरा थोडा अधिक वेळ उघडा राहतो. म्हणून पाहुण्यांना सांगून ठेवा, की फ्लॅश उडाला म्हणजे फोटो संपला असे नव्हे. क्षणभर तसेच उभे राहा. शोभेच्या दारूसाठी पुष्कळ कॅमेऱ्यांत निराळी खूण असते. तीत कॅमेरा सेकंद-दोन सेकंद उघडा राहून प्रकाशाच्या रेषा ओढतो. त्यासाठी तो गॅलरीच्या कठड्यावर टेकवावा, आणि दोरी मनगटातच असू द्यावी.

राहिले घड्याळाच्या चिन्हाचे बटन. यात दोन प्रकार असतात. दहा सेकंदांचा आपणा सर्वांना ठाऊक आहे. बटन दाबून धावत येऊन रांगेत उभे राहावयाचे, आणि धापा टाकीत हसावयाचे. पण दोन सेकंदांचा प्रकार अधिक कामाचा. फराळाच्या डब्यांची उतरंड रचा, तीवर कॅमेरा ठेवा, दोन सेकंद लावा आणि हात काढून घ्या. बोटाचा धक्कासुद्धा लागत नाही. तिपाईचे पैसे वाचले, आणि डबे तर घरचेच आहेत.

शेवटी कार्डाविषयी. फार जुन्या कॅमेऱ्यात आजचे बत्तीस-चौसष्ट गिगाबाइटचे कार्ड घातले, तर तो ओळख दाखवीत नाही. मूळचे एसडी कार्ड दोन गिगाबाइटपर्यंतचेच असे. ते कार्ड जपून ठेवा. आणि जुने कार्ड सापडले, तर आतले फोटो दुसरीकडे दोन ठिकाणी उतरवून घेतल्यावाचून ‘फॉरमॅट’ या शब्दाला बोट लावू नका. त्या शब्दाचा मराठी अर्थ ‘पाटी पुसणे’ असा आहे. चार-दोन निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छापील फोटोला बावीस लाख ठिपकेही लागत नाहीत. म्हणजे तुमचा जुन्यात जुना, दोन-तीन मेगापिक्सेलचा कॅमेराही त्याला पुरेसा आहे.

एवढे सगळे शिकवून झाल्यावर पुतणीने विचारले, “काका, हे सगळे तुम्हांला ठाऊक होते, तर तेव्हा आत्याचे फोटो असे का आले?”

प्रश्न बिनतोड होता. खरे सांगावयाचे, तर तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. कॅमेऱ्याबरोबर आलेली माहितीची पुस्तिका आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नव्हती. कॅमेरा शहाणा आहे, तो करील सगळे, असे आम्ही धरून चाललो. मी हे शिकलो ते पुष्कळ पुढे, आणि शिकलो तेव्हा ज्यांचे फोटो काढावयाचे होते, त्यांतली काही माणसे राहिली नव्हती.

तो तिरपा फोटो आम्ही छापून घेतला आहे, आणि पाठीमागे शाईने लिहिले आहे : लक्ष्मीपूजन, २८ ऑक्टोबर २००८. देवघराशेजारी लावला आहे. यंदा पणत्या लावताना फोटो काढण्याचे काम पुतणीकडे आहे. तारीख भरून झाली आहे, नवे सेल आणले आहेत, आणि फ्लॅश बंद आहे. तुम्हीही आपल्या घरच्या कॅमेऱ्याची तारीख आज एकदा पाहून घ्या. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो थोडा वेळ घरातल्या लहान मुलाच्या हाती द्या. दोरी मात्र मनगटात अडकवून!